महात्मा जोतीराव फुले : त्यांचे जीवन आणि त्यांचे मृत्युपत्र

महात्मा जोतीराव फुले यांचे नाव आपल्या माळी समाजातील लहान मुलासही ठाऊक आहे. दरवर्षी ११ एप्रिलला आपण त्यांच्या प्रतिमेस हार घालतो, मुलांची भाषणे होतात, आणि मुलींची पहिली शाळा, सत्यशोधक समाज, शेतकऱ्यांचा कैवार ह्या गोष्टींचा उल्लेख होतो. हे सर्व योग्यच आहे. परंतु त्यांच्या चरित्रातील एक प्रसंग असा आहे की, ज्याचा उल्लेख व्यासपीठावरून क्वचितच होतो. वयाच्या साठाव्या वर्षी, शरीर धडधाकट असताना, जोतीरावांनी आपले मृत्युपत्र करून ठेवले. घरोघरी ज्या एका गोष्टीवरून भाऊ भावाचे तोंड पाहीनासा होतो, तिचा निकाल ह्या पुरुषाने जिवंतपणीच कसा लावला, हे आपल्या ज्ञातिबंधूंस व भगिनींस समजावे, एवढ्यासाठी हा अल्पसा प्रयत्न आहे.

कटगुणचे गोऱ्हे घराणे

जोतीरावांचे मूळ आपल्या उंबऱ्यालगतचे आहे. आपल्या माण तालुक्याला लागून खटाव तालुका, आणि त्यात पुसेगावजवळ कटगुण हे गाव. फुल्यांचे मूळ आडनाव गोऱ्हे. जोतीरावांच्या पणजोबांकडे कटगुणची चौगुलकी होती. गावच्या कुलकर्ण्याशी वितुष्ट आल्यामुळे त्यांना गाव सोडावे लागले व पुरंदर तालुक्यातील खानवडी येथे जाऊन राहावे लागले, असे चरित्रकार सांगतात. पुढे आजोबा शेटीबा पुण्यास आले. त्यांस राणोजी, कृष्णा व गोविंद असे तीन मुलगे. हे भाऊ फुलांच्या धंद्यात निपुण झाले. पेशव्यांच्या वाड्यात फुले पुरविण्याचे काम त्यांना मिळाले, त्यावरून फुले हे आडनाव पडले आणि ३५ एकर जमीनही इनाम मिळाली.

येथवर सर्व भाग्याची कथा आहे. परंतु इनामाची जमीन आली आणि तिच्याबरोबर घरात फूटही आली. थोरल्या राणोजीने ती सारी जमीन एकट्याच्या ताब्यात ठेवली व धाकट्या भावांस वेगळे व्हावे लागले, अशी हकीकत चरित्रग्रंथांत आहे. गोविंदरावांनी मग स्वतःच्या हिमतीवर फुलांचे व भाजीपाल्याचे दुकान थाटले आणि संसार उभा केला. कागदावर चोख वाटणी झाली नाही म्हणजे एकाच आईच्या उदरी जन्मलेल्या भावांची काय गत होते, हे जोतीरावांच्या घराने त्यांच्या जन्माआधीच पाहिले होते.

बालपण, शिक्षण आणि गृहत्याग

जोतीरावांचा जन्म १८२७ साली पुण्यास झाला. ते तान्हे असतानाच मातोश्री चिमणाबाई वारल्या. नात्यातील सगुणाबाईंनी त्यांस वाढविले. थोरले बंधू राजाराम. जोतीराव काही काळ शाळेत गेले, मग लोकांच्या सांगण्यावरून गोविंदरावांनी त्यांस मळ्यात कामाला लावले. परंतु शेजारचे गफार बेग मुन्शी व लिजिट साहेब ह्या दोघांनी मुलाची बुद्धी ओळखली आणि वडिलांचे मन वळविले. १८४१ साली जोतीराव पुन्हा स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले.

तत्पूर्वी, १८४० साली, त्यांचा विवाह झाला होता. वधू नायगावच्या खंडोजी नेवसे पाटील यांची कन्या सावित्री. हे नायगावही आपल्याच सातारा जिल्ह्यातले, खंडाळा तालुक्यातले. म्हणजे ह्या दांपत्याच्या दोन्ही घराण्यांची मुळे आपल्या मातीत आहेत, ह्याचा आपल्याला अभिमान वाटावा.

१८४८ साली पुण्याच्या बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात जोतीरावांनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई शिकविण्यास पुढे झाल्या. गावात गहजब झाला. सनातन्यांचा दाब आणि ज्ञातीचा दाब असे दोन्ही गोविंदरावांवर आले. नाइलाजाने त्यांनी मुलाला सांगितले की, शाळा सोड किंवा घर सोड. १८४९ साली जोतीराव व सावित्रीबाई घराबाहेर पडली. उस्मान शेख ह्या मुसलमान मित्राने त्यांस आसरा दिला.

ह्या प्रसंगाची कायद्याच्या बाजूने एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. ज्या दिवशी जोतीराव बापाच्या घरातून बाहेर पडले, त्या दिवसापासून त्यांनी जे कमावले ते स्वकष्टार्जित होते. वडिलार्जित मालमत्तेत जन्माने वाटेकरी असतात. त्या काळी मनुष्याला ती मृत्युपत्राने वाटेल त्यास देता येत नसे. स्वकष्टार्जित मालमत्तेचा मात्र तो संपूर्ण धनी असतो. हा भेद पुढे फार उपयोगी पडणार होता.

कर्ता पुरुष

जोतीराव केवळ समाजसुधारक होते आणि लोकांच्या वर्गणीवर राहत होते, असा कित्येकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. ते शेतकरी होते, कंत्राटदार होते, व्यापारी होते. मांजरी येथे त्यांची शेती होती. खडकवासला धरणाच्या व येरवड्याच्या पुलाच्या बांधकामात माल पुरविण्याची कामे त्यांनी केली. स्वतः मिळवावे आणि लोककार्यास द्यावे, असा त्यांचा क्रम होता. १८७६ पासून काही वर्षे ते पुणे नगरपालिकेचे सभासदही होते.

शाळांच्या बाबतीत त्यांनी आरंभापासूनच एक शहाणपण दाखविले. शाळा त्यांनी स्वतःच्या नावावर ठेवल्या नाहीत. मुलींच्या शाळांसाठी एक आणि महार, मांग आदी मुलांच्या शिक्षणासाठी दुसरी, अशा दोन मंडळ्या स्थापून त्यांच्या हाती कारभार दिला. काम एका माणसाच्या नावावर राहिले तर माणसाबरोबर जाते. मंडळीच्या हाती गेले तर चालण्याची आशा असते. आज ज्याला आपण न्यास किंवा ट्रस्ट म्हणतो, त्याचे बीज ह्याच विचारात आहे.

१८६३ साली त्यांनी स्वतःच्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. ज्या विधवा संकटात सापडत आणि लाजेपोटी जन्मलेल्या बाळाचा जीव घेत, त्यांनी येथे येऊन सुखरूप बाळंत व्हावे, मूल ठेवावे अथवा सोडून जावे, असा हा आश्रम होता. सावित्रीबाई त्या स्त्रियांची बाळंतपणे काढीत. १८७४ च्या सुमारास काशीबाई नावाची एक ब्राह्मण विधवा येथे प्रसूत झाली. तिचा मुलगा तो यशवंत. जोतीराव व सावित्रीबाई यांस पोटी संतान नव्हते. दुसरे लग्न करण्याचा आग्रह जोतीरावांस झाला होता, तो त्यांनी मानला नाही. यशवंतालाच त्यांनी पुत्र मानले.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. त्याच वर्षी गुलामगिरी हा ग्रंथ निघाला, आणि १८८३ साली शेतकऱ्याचा असूड लिहून पुरा झाला. हे कार्य आपणा सर्वांस विदित आहेच; म्हणून आता मुख्य विषयाकडे वळतो.

मृत्युपत्र

१० जुलै १८८७ रोजी जोतीरावांनी आपले मृत्युपत्र लिहिले व रीतसर नोंदवूनही ठेवले. त्या वेळी यशवंत सुमारे तेरा वर्षांचा होता आणि सावित्रीबाई छपन्न वर्षांच्या. मुंबई शहराबाहेर त्या काळी हिंदूंचे तोंडी मृत्युपत्रही कायद्याला चालत असे. आजूबाजूचे बहुतेक लोक मरतेसमयी चार माणसांदेखत काहीतरी सांगत आणि पुढे ती चार माणसे चार तऱ्हेने साक्ष देत. जोतीरावांनी ते केले नाही. सर्व कागदावर आणले.

ह्याचे कारण उघड आहे. त्या काळच्या हिंदू कायद्याप्रमाणे दत्तक मुलगा आपल्याच जातीतला असावा लागे. यशवंत ब्राह्मण स्त्रीच्या पोटचा. उद्या कोणी भाऊबंद कोर्टात उभा राहून हे दत्तकच खोटे म्हणता, तर त्या पोराला रस्त्यावर यावे लागले असते, आणि सावित्रीबाईंना उतारवयात पुतण्यांच्या दारात. मृत्युपत्राने हा धोका पुष्कळ कमी होतो. दत्तकाविषयी वाद झाला तरी, मालमत्ता स्वकष्टाची असल्यास, ज्याला नाव घेऊन ती दिली त्याचा हक्क उभा राहतो.

त्या मृत्युपत्रातील सर्वांत मोठी गोष्ट पुढेच आहे. जोतीरावांनी यशवंताला वारस केले खरे, परंतु आंधळ्या मायेने नव्हे. तो शिकला नाही, वाईट मार्गाला लागला, नालायक निघाला, तर त्याच्याऐवजी सावित्रीबाईंनी सत्यशोधक समाजाच्या सभासदांच्या बहुमताने माळी, कुणबी, धनगर आदी समाजांतील एखादा हुशार व लायक मुलगा निवडावा आणि त्यास वारस करावे, अशी तजवीज त्यांनी केली. येथे थोडे थांबून विचार करावा. वारसा रक्तावर ठेविला नाही, जातीवर ठेविला नाही, लायकीवर ठेविला. निवडीचा अधिकार पत्नीला दिला. ज्या काळी विधवेस घरातील कोपरासुद्धा मिळत नसे, त्या काळी दिला. आणि तिच्या पाठीशी एका संस्थेचे बहुमत उभे केले, म्हणजे एकट्या बाईवर कोणी दडपण आणू नये. मालमत्ता फार मोठी नव्हती. विचार मात्र थोर होता.

आपल्या देहाविषयीही त्यांनी लिहून ठेवले होते. देह जाळू नये, मिठात पुरावा, अशी त्यांची इच्छा होती.

मृत्युपत्र केल्यानंतर एका वर्षातच, जुलै १८८८ मध्ये, त्यांस अर्धांगवायूचा झटका आला व उजवे अंग लुळे पडले. तशाही स्थितीत डाव्या हाताने लिहून त्यांनी सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक पुरे केले. मृत्युपत्र पुढे ढकलले असते तर लुळ्या हाताच्या सहीवर उद्या कोणी काय आक्षेप घेतला असता, ह्याची कल्पना ज्याने कोर्टाची पायरी चढली आहे त्यास सहज येईल. १८८९ साली हडपसरचे सत्यशोधक ग्यानोबा ससाणे यांनी ज्ञातीचा रोष पत्करून आपली कन्या यशवंतास दिली. त्यांचेही स्मरण आपण ठेवले पाहिजे, कारण त्या वेळी यशवंताला मुलगी देण्यास आपल्या ज्ञातीतून दुसरे कोणी पुढे येत नव्हते.

अखेरचा दिवस आणि त्यानंतर

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीरावांनी देह ठेवला. पुरण्याची परवानगी नगरपालिकेकडून मिळाली नाही. दहन करावे लागले. अंत्ययात्रेच्या वेळी भाऊबंदांनी टिटवे धरण्यावरून वाद घातला. रूढीप्रमाणे टिटवे धरणारा तो वारस, अशी समजूत. तेव्हा सावित्रीबाई स्वतः पुढे झाल्या आणि टिटवे हाती घेऊन पतीच्या प्रेतापुढे चालू लागल्या. रूढीच्या आधाराने घरावर हक्क सांगू पाहणारे गप्प झाले. मागे मृत्युपत्राचा कागद होता, पुढे सावित्रीबाई होत्या.

यशवंत शिकून डॉक्टर झाला. बापाने घातलेली अट त्याने पुरी केली. १८९७ साली पुण्यात प्लेगने हाहाकार मांडला, तेव्हा त्याने हडपसरच्या बाजूला दवाखाना घातला. सावित्रीबाई रोग्यांस तेथे आणीत. त्यातच त्यांस प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या निवर्तल्या.

ह्यापुढची कथा सांगताना लेखणी जड होते. काही वर्षांतच यशवंतरावही अल्पवयात गेले. मागे पत्नी व कन्या. त्यांची परवड झाली. ज्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह होते, ज्या घराचा हौद १८६८ साली अस्पृश्यांस खुला झाला, ते घरही कुटुंबाच्या हातून गेले. पुष्कळ वर्षांनी सरकारने ते स्मारक म्हणून ताब्यात घेतले व १९९३ साली राष्ट्रपती शंकरदयाळ शर्मा यांच्या हस्ते ते राष्ट्राला अर्पण झाले.

ह्यात जोतीरावांचा दोष नाही. मृत्युपत्राची धाव एका पिढीपुरतीच असते. ते मालमत्ता वारसाच्या हाती पोहोचविते. वारस गेल्यावर पुढे काय, हे त्या वारसाने पाहावयाचे असते. एखादी वास्तू, शाळा, विहीर अथवा निधी पिढ्यान्‌पिढ्या एकाच कामासाठी राहावा अशी इच्छा असेल, तर त्याचा न्यास करून विश्वस्त नेमावे लागतात. एक विश्वस्त गेला तर दुसरा येतो, काम चालू राहते.

आपण काय घ्यावे

आता आपल्या माण तालुक्याकडे पाहू. पाऊस नाही म्हणून पोरे मुंबईस गेली, कोणी गलाईच्या धंद्यात दूरच्या शहरी गेली. गावी सातबारा अजून आज्याच्या नावावर. आजा जाऊन तीस वर्षे झाली, वारसनोंद नाही. एक भाऊ कसतो, दुसरा दिवाळीला येऊन भांडतो. चार एकर कोरडवाहूसाठी वकिलास आठ एकरांचे पैसे जातात. हे चित्र ज्याने पाहिले नाही असा ज्ञातिबंधू विरळा.

म्हणून ठळक गोष्टी थोडक्यात सांगतो. मृत्युपत्र साध्या कागदावर, आपल्या भाषेत लिहिले तरी चालते. त्यास मुद्रांक लागत नाही. १ जानेवारी १९२७ पासून हिंदूंचे मृत्युपत्र लेखी असणे, त्यावर करणाऱ्याची सही अथवा अंगठा असणे व दोन साक्षीदारांच्या सह्या असणे आवश्यक झाले आहे. ज्याला काही मिळावयाचे आहे त्यास साक्षीदार करू नये. नोंदणी सक्तीची नाही, पण करावी. वय फार झाले असेल तर शुद्धीत असल्याचा डॉक्टरचा दाखला सोबत ठेवावा. जिवंत आहोत तोवर ते केव्हाही बदलता येते, आणि शेवटचे मृत्युपत्र तेच खरे धरतात. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून वडिलार्जित मालमत्तेतील आपल्या हिश्शाचेही मृत्युपत्र करता येते. दुसऱ्याच्या हिश्शाचे नाही. बँकेत नॉमिनी म्हणून नाव लावले म्हणजे तो मालक झाला, असे समजू नये. तो केवळ पैसे स्वीकारणारा असतो, वारसांचा हक्क कायम राहतो. आणि सार्वजनिक कामासाठी काही द्यावयाचे असेल, तर न्यास करून धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत त्याची नोंदणी करावी.

मृत्युपत्र नसेल तर कायदा वाटणी करतो. १९५६ च्या कायद्याने मृताची पत्नी, आई, मुलगे व मुली ह्या सर्वांस समान वाटा दिला. वडिलार्जित मालमत्तेत मुलींस जन्मतः हक्क महाराष्ट्रात १९९४ साली व साऱ्या देशात २००५ साली मिळाला. तथापि कायद्याने दिलेले आपण घरात बसून काढून घेतो. हक्कसोडपत्र हा शब्द आपल्याकडे फार सोपा झाला आहे.

ह्या बाबतीत दुसऱ्यास दोष देण्यापूर्वी मी स्वतःचा दोष सांगतो. माझे वडील मृत्युपत्र न करता गेले. आम्ही दोघे भाऊ व एक बहीण. वर्षश्राद्ध झाल्यावर आम्ही बहिणीस बोलाविले, तालुक्याच्या कचेरीत नेले आणि हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली. तिला एक लुगडे घेतले. ती काही बोलली नाही. मी शिक्षक होतो. त्याच वर्षी शाळेत मी सावित्रीबाईंवर भाषण केले होते. पुढे तिच्या घरी वाईट दिवस आले, तेव्हाही ती आमच्या दारी आली नाही. ती आज हयात नाही. तिच्या मुलांस माझ्या वाट्यातील काही भाग मी माझ्या मृत्युपत्राने लिहून दिला आहे आणि ते नोंदविले आहे. माझ्या मुलांस जवळ बसवून ते वाचूनही दाखविले. आरंभी त्यांची तोंडे उतरली, पण आता त्यांस ते पटले आहे. लपवून ठेवलेल्या मृत्युपत्राने वाद मिटण्याऐवजी कित्येकदा वाढतो, म्हणून वाचून दाखविणे मला अगत्याचे वाटले.

जोतीरावांनी परक्याच्या मुलास घर दिले. आपण निदान स्वतःच्या बहिणीस व मुलीस तिचे द्यावे. त्यांनी साठाव्या वर्षी, हातपाय चालत असताना, कागद केला. आपणही खाटेवर पडेपर्यंत वाट पाहू नये. आणि आपल्यापैकी ज्यांस परमेश्वराने चार पैसे अधिक दिले आहेत, त्यांनी एखाद्या गरीब पण हुशार मुलामुलीच्या शिक्षणासाठी, मग तो कोणत्याही ज्ञातीचा असो, काही रक्कम न्यासरूपाने ठेवावी.

पुढील ११ एप्रिलला प्रतिमेस हार घालून घरी गेल्यावर प्रत्येक कुटुंबप्रमुखाने एक कोरा कागद काढून बसावे आणि पहिल्या ओळीत आपल्या पत्नीचे व मुलींचे नाव लिहावे, एवढीच ज्ञातिबांधवांस नम्र विनंती करून ही लेखणी खाली ठेवतो.